तिनं सोडलेलं तूप

त्या दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको विहिरीजवळच्या लिंबाखाली मेथीच्या जुड्या बांधत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी शेगावचा बाजार होता. मेथी मी उपटायची, माती झटकायची आणि तिनं केळीच्या वाळल्या सोपटानं जुडी आवळायची, असं आमचं ठरलेलं. त्या दिवशी तिचे हात लवकर थकले, म्हणून मीही बांधायला घेतलं. माझी एक जुडी तिनं उचलली, हलवली. काड्या खाली गळाल्या.

"हे काय बांधलं? बाजार येईपर्यंत गाडीतच नागवी होईन हे."

"मंग तू बांध."

"आना इकडं. तुमचं बांधलेलं पुन्हा बांधाचं, जनमभर हेच काम मले."

अर्धी मेथी उरली असेल, तेव्हा तिनं उजव्या कुशीखाली हात दाबला. मी काही विचारलं नाही. त्या हाताबद्दल विचारणं आमच्या घरात कधीचंच बंद झालं होतं. "जराशी आडवी होते," म्हणाली आणि घरात गेली. उरलेल्या जुड्या मीच बांधल्या. बाजाराला कोणी गेलंच नाही. सकाळी तिचं पोट फळीसारखं कडक झालं, अंग भाजत होतं, आणि दिवस कलायच्या आत ती गेली.

मी चार बुकं शिकलेला माळी. पोटातलं मला काय कळतं? डॉक्टरनं सांगितलं तेवढं आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढं लिहितो. ज्याला खोटं वाटेल त्यानं वाचू नये.

लग्न होऊन आली तेव्हा ती चांगली अंगानं भरलेली होती. लेक झाली, लेक चालायला लागली, आणि त्यानंतर हे सुरू झालं. जेवली की पोटात पीळ पडायचा. तांब्या घेऊन वावराकडं पळायची, येऊन बसते न बसते तोच पुन्हा पळायची. कधी रक्तही पडायचं. खाणं मात्र बरं होतं. माझी माय चुलीपुढं बसून तिच्या ताटाकडं बघायची, मग तिच्या मनगटाकडं.

"काय वं, हे खाल्लेलं जाते कुठी तुह्यं?"

"मले काय ठाव, आत्याबाई."

"अंगाले तं लागत नाई. माहेरी पाठोतं का चोरून?"

"पाठोते ना. गाडी भरून पाठोते."

माय वाईट नव्हती. तोंडानं टोचायची आणि हातानं वाढायची. घरच्या गाईचं तूप भाकरीवर ओतायची, डिंकाचे लाडू करायची, "आता तरी लागन" म्हणायची. जितकं चारावं तितका पीळ वाढायचा. मग कुणी सांगितलं म्हणून पोटावर बिब्बा लावला. कातडी उतली, काळे डाग राहिले, आतलं होतं तिथंच राहिलं. पुढं उजव्या अंगाला, खाली, हाताला गोळा लागायला लागला. गावातल्या बायांनी परस्पर ठरवलं की हिला दिवस गेले. एक तर ओटीचा नारळ घेऊनच आली.

"ठेवा तो," ही म्हणाली, "चटनीच्या कामी येईन."

मग वैद्यानं नाडी पाहून आतड्याचा क्षय सांगितला. त्या दिवशी मायनं तिचं ताट वेगळं काढलं. ही दाराआड ते ताट घेऊन बसली आणि जेवली. मी ते पाहिलं आणि बैल जुंपले.

शेगावहून आगगाडीनं अकोल्याला नेलं, मोठ्या दवाखान्यात. तिथला डॉक्टर पुण्याकडचा होता, बोलणं अगदी शुद्ध. तो म्हणाला, आत काय आहे ते पोट उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, उघडा.

उघडलं, शिवलं, आणि मग त्यानं मला व्हरांड्यात बोलावलं. हात धुऊन आला होता तरी औषधाचा वास येत होता.

"बाई काय खातात?"

"भाकर खाते जी. आन तूप. माय लय चारते."

"अंगावर तर काहीच नाही. मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. आणि आतड्यावर मात्र चरबी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. हाडाच्या सापळ्याला चरबी कुठून येणार? त्यानं डाव्या हाताचं एक बोट उभं केलं आणि उजव्या हाताच्या पंज्यानं ते धरून दाखवलं.

"आतड्याच्या एका अंगाला चरबीचा पडदा असतो. सगळ्यांनाच असतो. यांची ती चरबी आतड्यावर चढली आहे, अशी, चारी बाजूंनी. तिच्याखाली आतडं जाड झालंय, सुजलंय, आतून जखमा आहेत. अन्नाला वाट एवढीशी राहिली होती." त्यानं करंगळी दाखवली. "क्षयाची खूण मला दिसली नाही. तुम्ही ताटाचं सांगत होतात ना? ताट वेगळं करू नका."

"तूप खाऊन चढली का जी ते?"

"नाही. ही खाण्याची चरबी नव्हे. आतडं आजारी पडलं म्हणून ती तिथं जमली."

"मंग ते वैरीन हाय का सोयरी?"

त्यानं दिलेल्या उत्तरासाठीच मला तो आवडला. दुसरा कोणी असता तर काहीतरी ठोकून दिलं असतं.

"खरं सांगू? मला माहीत नाही. कदाचित जखम झाकायलाच येत असेल, आतलं विष पोटभर पसरू नये म्हणून. पण आली की जात नाही. पुढं तीच सुजते आणि आतड्याला आवळून धरते. कुठून कुठवर कापायचं ते मी तिच्यावरूनच ओळखलं. जिथवर चरबी चढली होती तिथवर आतडं खराब होतं. तेवढं काढलं आणि दोन टोकं जोडली."

"बैलाच्या खांद्यावानी," मी म्हटलं.

त्याला कळलं नाही, म्हणून सांगितलं. जू घासतं तिथं बैलाच्या खांद्यावर मांस जाड होतं. ते जाड होतं खांदा वाचावा म्हणून. पण जाड झालं की उंच होतं, उंच झालं की जू नेमकं तिथंच घासतं, आणि मग बैल मान टाकतो. डॉक्टरनं नीट ऐकून घेतलं, "तसंच समजा," म्हणाला आणि पुढच्या खाटेकडं गेला. तसंच आहे की नाही ते त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही. आज इतकी वर्षं झाली, अजून मला ठाऊक नाही.

तिला बोलायला ताकद आल्यावर मी सगळं सांगितलं. ती हसली. टाके ताणायला लागले तर दोन्ही हातांनी पोट धरून हसली.

"आत्याबाईले सांगा, सापडलं म्हना. माहेरी नाई गेलं. पोटातच होतं, लपून बसलं होतं."

ही खाण्याची चरबी नव्हे, तेही मी सांगितलं होतं. ते तिच्या कानात शिरलं नाही. माणसाला पटेल तेवढंच माणूस ऐकतो. तिनं ऐकलं ते एवढंच की चरबी आहे आणि ती आतडं गिळते आहे.

परत येताना शेगावला उतरलो. ती म्हणाली, मंदिरात जाऊ. माझा हात धरून तळघरातल्या समाधीपर्यंत पायऱ्या उतरली, डोकं टेकलं, आणि बराच वेळ तशीच राहिली. मला वाटलं घेरी आली. बाहेर आल्यावर म्हणाली, "तेल-तूप सोडलं म्या. मरेपर्यंत."

"काऊन वं?"

"त्या चरबीले उपाशी मारते."

आमच्याकडं देवापुढं आवडीची वस्तू सोडतात. कुणी गूळ सोडतं, कुणी वांगं. एकदा सोडलं की सोडलं. मग पंगतीतसुद्धा कोणी आग्रह करत नाही. तिनं तेच हत्यार काढलं. आता हराळी माजली म्हणून वाफ्याचं पाणी तोडलं तर काय होतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. हराळी खाली मुळांवर जगते. मेथीच आधी मरते. पण वाफ्यात दिसतं ते स्वतःच्या पोटात दिसत नाही.

घरी आल्यावर मायला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारून घेतला. "म्या चारलेलं तूप वं माय! म्याच चारलं!" तिलाही समजावलं. तीही ऐकेना. घरातल्या दोन्ही बायांनी तुपाला फाशी दिली, आणि डॉक्टरचं बोलणं मी एकटा डोक्यात घेऊन बसलो.

पहिली काही वर्षं बरी गेली. पीळ थांबला, रक्त थांबलं, ती पुन्हा माझ्या बरोबरीनं वावरात यायला लागली. डॉक्टरनं कापलं म्हणून बरी झाली, असं मी म्हणायचो. सोडलं म्हणून झाली, असं ती म्हणायची. त्यामुळं सोडलेलं आणखी पक्कं झालं. भाजी पाण्यात शिजवून मीठ-मिरची. चटणी कोरडी. दिवाळीला घरात कढई चढली की ही बाहेर जाऊन वाफ्यांना पाणी वळवायची.

अंग मात्र वाळत चाललं. मायला ते बघवेना. एकदा तिनं वांग्याच्या भाजीत तेल टाकलं, फोडणीचा वास येऊ नये म्हणून कच्चंच. हिनं एक घास घेतला, थांबली, उठून बाहेर गेली, चूळ भरून आली.

"आत्याबाई, तेल सांडलं वाटते तुमच्या हातून."

"सांडलं वं. म्हातारे हात."

"मंग ते भाजी ह्यायले वाढा. मले चटनी द्या."

मायनं भाजीचं भांडं माझ्यापुढं सरकवलं आणि चुलीकडं तोंड करून बसली. मला ती भाजी गिळेना. टाकूनही देता येईना. खाल्ली.

मग एका हिवाळ्यात हिचा हात पुन्हा उजव्या कुशीखाली जायला लागला. गोळा परत आला. लढाईचे दिवस होते, आगगाडीत सोजिरांची गर्दी, उभं राहायला जागा नाही. तिला ट्रंकेवर बसवून अकोल्याला नेलं. डॉक्टर तोच, केस पिकलेले. त्यानं पोट दाबून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं.

"मागं जोडलं होतं त्याच जागी. पुन्हा तेच. चरबीही पुन्हा चढली असणार."

ती खाटेवर उठून बसली. इतक्या वर्षांत तिनं डॉक्टरला कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"म्या तं तिले काईच नाई देल्लं खायले. मंग वाढली कशी ते?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. तिनं तेल-तूप सोडल्याचं मी सांगितलं. तो खाटेशेजारच्या स्टुलावर बसला.

"बाई, ती तुमच्या ताटातून खात नाही. तुम्ही उपाशी राहिलात तर दंड सुकतात, गाल सुकतात. ती सुकत नाही. ती आजाराबरोबर राहते."

ती परत आडवी झाली, तोंड भिंतीकडं.

"कापायला हवं," डॉक्टर म्हणाला, "पण आज टेबलावर घेतलं तर तुम्ही उठणार नाही. अंगात काही नाहीच. घरी जा, अंग भरू द्या. तेल, तूप, सोसेल तेवढं. मग या, मी कापतो."

इतकं साधं होतं. तूप खा, अंग धर, कापून घे, जग. सोडलेलं धरून बस, आणि मर. यात मला काही कोडं दिसत नव्हतं.

शेगावच्या ठेसनावर उतरलो तेव्हा मी म्हटलं, "चाल, मंदिरात जाऊ. परत मागून घे."

"देल्लेलं मागू? भिकारीन हाव का मी?"

"देव काई तुह्या तुपाच्या भरोशावर नाई बसला."

"देव नसन. मी हाव."

"काय बोलतं हे?"

ती ठेसनाबाहेरच्या कट्ट्यावर बसली. मला वाटलं दुखतंय. दुखत नव्हतं, तिला बोलायचं होतं.

"आयका. एवढ्या वर्सांत ह्या पोटानं माह्यं एकबी नाई आयकलं. थांब म्हनलं तं थांबलं नाई, लग्नात बसले तं उठवलं, पंगतीत बसले तं उठवलं. जिभेनं आयकलं. एक जीभ तेवढी माह्या हुकमात हाय. तेबी तुमी घेता का?"

मी बैलांच्या गळ्यातली चऱ्हाटं सोडली आणि गाडी जुंपली.

पण घरी आल्यावर भांडलो. रोज भांडलो. तिच्या ताटाशेजारी तुपाची वाटी ठेवायचो. ती वाटी उचलून माझ्या भाकरीवर रिकामी करायची. "तुमी खा. तुमचं आतडं तुमचं आयकते." एकदा मी वाटी अंगणात फेकली. तिनं ती शोधून, राखेनं घासून परत फळीवर ठेवली. लेक साखरखेर्ड्याला दिलेली. ती येऊन रडली, जावई येऊन समजावून गेला. माय मरताना म्हणाली, "खाय वं माय, माह्यासाठी खाय." हिनं मायच्या तोंडात पाणी घातलं, डोळे पुसले, आणि संध्याकाळी उकडलेली भाजी खाल्ली.

अंग भरलं नाही. अकोल्याला पुन्हा गेलो नाही. अशी ती आणखी बराच काळ जगली, एक हात कुशीखाली दाबून, दुसऱ्या हातानं जुड्या बांधत.

ती गेली त्या दिवसाचं सांगायचं आहे. गाव जमलं. लेकीला निरोप धाडला, पण साखरखेर्डा लांब, तिला रात्रीपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. आमच्याकडं सरणावर ठेवण्याआधी अंगाला तूप लावतात, लाकडांवरही ओततात. माझा चुलतभाऊ घरून तुपाचा गडू घेऊन आला होता. तो झाकण काढायला लागला तेव्हा मी त्याचा हात धरला.

"नको."

"काय नको?"

"तूप नको. तिनं सोडलं हाय."

"अरे, मेल्या मानसाले काय सोडलेलं गा!"

"नको म्हनलं ना."

"तुपाबिगर सरन पेटन कसं? घासलेट तं कंट्रोलात, दिव्याले नाई."

"कपाशीच्या पऱ्हाट्या लावा खालून."

"लोक म्हनतीन, बायकोले अखेरचं तूपबी नाई देल्लं यानं."

"म्हनू द्या."

सगळे माझ्याकडं बघत होते. कुणाला वाटलं दुःखानं डोकं फिरलं, कुणाला वाटलं तुपावर जीव आहे. त्यांचं चुकत नव्हतं. त्या तुपासाठी तिच्याशी सगळ्यात जास्त मीच भांडलो होतो. तूप खाल्लं असतं तर ती आज चितेवर नसती, असं मी तेव्हाही मानत होतो, आजही मानतो. पण भांडायला ती होती तोवर मी तिच्याविरुद्ध भांडलो. ती बोलायची राहिली, आता तिचं बोलणं कोण बोलणार? चुलतभावाच्या हातून ते तूप तिच्या अंगावर पडलं असतं तर आम्ही सगळ्यांनी मिळून, ती निजलेली पाहून, तिला फसवलं असतं.

गावातला एक म्हातारा पुढं आला. गावची निम्मी सरणं त्यानंच रचलेली. तो म्हणाला, "रागावू नको गा. पन तूप नसलं की मधला भाग जळाचा राहते. सांगून ठेवतो."

"राहू द्या. म्या पाहीन."

चुलतभावानं गडूवर झाकण लावलं आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला. खाली पऱ्हाट्या घातल्या, वर बाभळीची लाकडं. अग्नी मीच दिला. पऱ्हाट्या भडभडून पेटल्या आणि लवकर विझल्या. लाकडं मागून सावकाश धरली. लोक घरी गेले. शेजारच्या घरातून पिठलं-भाकर आली, ती मी चार माणसांसमोर गिळली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना उठलो. वावरातल्या बाभळीची वाळली लाकडं होती, त्यांचा भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि नाल्याकाठच्या मसनात गेलो. म्हाताऱ्यानं सांगितलं तसंच झालं होतं. मधला भाग राहिला होता.

राखेखाली निखारे होते. लांब काठीनं ते एका जागी ओढले, वर लाकडं रचली आणि खाली वाकून फुंकलं. धूर डोळ्यांत गेला. पुन्हा फुंकलं. धरलं. एक जण बैल घेऊन वावराकडं चालला होता, तो वाटेवर थांबला.

"काय गा, इतक्या सकाळी?"

"राह्यलं होतं थोडं."

त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं, जरा वेळ उभा राहिला आणि बैल हाकत गेला. मी लाकडं सारखी करत बसलो, आणि सगळं होईपर्यंत तिथून उठलो नाही.